कॅलिस्टोगातल्या छोट्या इनमध्ये राहायचंय? बुकिंगपासून चावी परत करेपर्यंत सगळं

कॅलिफोर्नियातल्या, वाइनसाठी प्रसिद्ध नापा व्हॅलीला जायचं ठरलं की बहुतेक जण नापा शहरात एखादं हॉटेल बुक करतात, दिवसभर हायवे २९ वर वर-खाली करतात आणि संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकून दमून परत येतात. पहिल्यांदा आम्हीही तेच केलं. दुसऱ्या खेपेला मात्र व्हॅलीच्या अगदी वरच्या टोकाला, कॅलिस्टोगात, एका छोट्या इनमध्ये, म्हणजे पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या सहा खोल्यांच्या जुन्या लाकडी घरात राहिलो आणि त्यानंतर तिकडे गेलो की तसंच राहतो. गाव जेमतेम पाच हजार वस्तीचं. लिंकन अव्हेन्यू नावाचा एक मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं आणि खाण्याच्या जागा, रस्त्याच्या टोकाला डोंगर दिसतो, आणि रात्री नऊनंतर सगळं इतकं शांत होतं की स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येतो.

पण त्या पहिल्या मुक्कामात आमच्या बऱ्याच गोष्टी चुकल्या, कारण आम्ही हॉटेलच्या सवयी घेऊन गेलो होतो. तिथे रिसेप्शनवर रात्रभर बसलेला माणूस नसतो, लिफ्ट नसते, रूम सर्व्हिस नसते. दोन-तीन माणसं मिळून अख्खं घर चालवतात, तीच सकाळी नाश्ता करतात, तीच चादरी बदलतात आणि संध्याकाळी सहा-सातला आपल्या घरी जातात. म्हणून तुम्हाला जे काही हवंय ते आधीच विचारून, सांगून ठेवावं लागतं. ऐनवेळी धावाधाव करायला तिथे कुणी नसतं. खालचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणाऱ्यांना आणि विशेषतः भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांना उपयोगी पडेल असं लिहितोय.

१. गाव असं का आहे ते आधी समजून घ्या

हे माहीत असलं की बुकिंगचे निर्णय सोपे होतात. नापा काउंटीने (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) १९६८ मध्ये व्हॅलीतली जमीन शेतीसाठी राखीव केली, अमेरिकेतलं अशा प्रकारचं ते पहिलंच पाऊल. त्यामुळे द्राक्षबागांच्या मधोमध हॉटेलं उभी राहिली नाहीत, जे काही राहायला आहे ते मुख्यतः गावांच्या हद्दीत. वर कॅलिस्टोगाने १९९६ मध्ये नियम केला की ठरावीक साच्यातली साखळी रेस्टॉरंटं आणि साखळी मोटेलं गावात नकोत. गावाच्या कडेला एक-दोन मोठी महागडी रिसॉर्ट्स आहेत, पण मुख्य रस्त्याच्या आसपास सगळी छोटी, घरमालकांनी चालवलेली ठिकाणं. म्हणजे खोल्या कमी, मागणी भरपूर, आणि प्रत्येक घराचे नियम वेगळे. एका इनमध्ये जे चाललं ते दुसरीकडे चालेलच असं धरून चालू नका.

२. कधी जायचं ते ठरवा

द्राक्षांची काढणी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत चालते. तेव्हा हवेत आंबणाऱ्या रसाचा वास असतो, ट्रॅक्टर फिरत असतात, बघायला फार छान वाटतं, पण खोल्या महिने-महिने आधी भरतात आणि दर सगळ्यात चढे. शनिवार-रविवारी बहुतेक ठिकाणी किमान दोन रात्रींची अट असते, एका रात्रीचं बुकिंग घेतच नाहीत.

मला स्वतःला फेब्रुवारी आवडतो. वेली नुसत्या काटक्या झालेल्या असतात पण ओळींच्या मधे पिवळीधमक मोहरी फुललेली असते. पाऊस पडू शकतो हे खरं, पण मंगळवार-बुधवारी गेलात तर जी खोली ऑक्टोबरच्या शनिवारी चारशे-पाचशे डॉलर म्हणतात ती बरीच खाली आलेली असते, शिवाय इनकीपरला, म्हणजे इन चालवणाऱ्याला, तुमच्याशी बोलायला वेळ असतो. फक्त आठवड्याच्या मधल्या दिवसांत काही रेस्टॉरंटं बंद असतात, ते जेवणाआधी तपासा.

उन्हाळ्यात दुपारी ऊन चांगलंच तापतं, ३२-३५ अंश सेल्सिअस सहज, पण रात्री पारा बारा-तेरावर उतरतो. समुद्रावरची गार हवा संध्याकाळनंतर व्हॅलीत शिरते, म्हणूनच तर तिथली द्राक्षं चांगली होतात. जुलैतसुद्धा स्वेटर लागतो, आई-बाबांना आधी सांगितलं तर पटत नाही, तुम्हीच बॅगेत टाका.

३. कुठल्या प्रकारचं घर हवंय ते बघा

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. एक, जुनी व्हिक्टोरियन म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या धाटणीची घरं, चार ते दहा खोल्या, नाश्ता सामील, जिने अरुंद आणि चढावाचे. दोन, अंगणाभोवती एकमजली खोल्या किंवा छोट्या कॉटेजेस, गाडी दाराशी लागते, कधीकधी लहानसं किचन असतं. तीन, गरम झऱ्याच्या पाण्याचे पूल असलेली ठिकाणं, तिथे नाश्ता असेलच असं नाही पण पूल वापरणं राहणाऱ्यांना फुकट असतं.

गुडघ्याचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर पहिला प्रकार कितीही सुंदर दिसला तरी दुसराच घ्या. फोटोत तो नक्षीदार जिना छान दिसतो, बॅग घेऊन चढताना कळतं.

आणि एक सापळा. इथे एअरबीएनबीसारख्या साइटवर स्वस्तात अख्खं घर दिसलं की हुरळून जाऊ नका. नापा काउंटीत गावांच्या हद्दीबाहेर तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने घर भाड्याने द्यायला मुळात परवानगीच नाही, आणि कॅलिस्टोगा गावातही राहतं घर असं रात्री-दोन रात्रींसाठी देता येत नाही. अशी बेकायदा बुकिंग्ज शेवटच्या क्षणी रद्द होतात आणि मग ऐन सीझनमध्ये तुम्हाला खोली मिळत नाही. परवाना असलेलं इन घ्या, त्यांची स्वतःची वेबसाइट, फोन नंबर, पत्ता सगळं उघड असतं.

४. बुक करण्याआधी फोन करा

ही स्टेप कृपा करून गाळू नका. ऑनलाइन फॉर्ममध्ये जे कळत नाही ते पाच मिनिटांच्या फोनवर कळतं, आणि सकाळी दहा ते दुपारी दोनच्या मधे केलात तर बहुतेक वेळा स्वतः इनकीपरच उचलतो. मी एका कागदावर प्रश्न लिहून ठेवलेत, तेच देतोय.

खोली कुठल्या मजल्यावर आहे आणि किती पायऱ्या? नुसतं "पहिला मजला" विचारू नका, अमेरिकेत पहिला मजला म्हणजे आपला तळमजला, आणि जुन्या घरांत तळमजल्यालासुद्धा पोर्चच्या पाच-सात पायऱ्या असतात.

बाथरूम खोलीला जोडून आहे का? बहुतेक ठिकाणी असते, पण काही जुन्या घरांत "प्रायव्हेट बाथ" म्हणजे फक्त तुमच्यासाठी पण पॅसेजच्या पलीकडे, आणि एखाद्या ठिकाणी अजून सामायिक बाथरूम आहे. शॉवर आहे की नुसता पाय असलेला जुना टब, हेही विचारा. तो टब उंच असतो. माझ्या सासूबाईंना त्यात चढता येईना, दोन दिवस बिचाऱ्यांनी बेसिनवर भागवलं आणि आम्हाला निघताना सांगितलं. त्यानंतर मी हा प्रश्न सगळ्यात वर घेतला.

एका खोलीत किती माणसं चालतात? जवळपास सगळीकडे दोनच. जादा गादी टाकून द्या हा प्रकार नाही. लहान मुलं असतील तर स्पष्ट सांगा, सगळ्याच घरांना ते सोयीचं नसतं, भिंती पातळ असतात.

एसी आहे का, आणि हीटर कसा चालतो? जुन्या घरात अख्ख्या मजल्याला एकच थर्मोस्टॅट असू शकतो.

नाश्त्याचं काय? इथे नीट बोला. तुम्ही "व्हेजिटेरियन" म्हणालात की ते अंडं चालतं असं धरतात. अंडं नको असेल तर वेगळं सांगा, नाहीतर रोज समोर फ्रिटाटा (अंड्याचा जाड पोळा) येतो. आणि बेकन "बाजूला काढून" चालणार नाही, तव्यावर वेगळं करायला लागेल, हेही आधीच सांगितलं तर कुणाला वाईट वाटत नाही. आम्ही एका इनमध्ये आठवडाभर आधी ईमेल केला होता की दोघांना अंडं नको, तर सकाळी त्या बाईंनी भाजलेली पेअर, त्यावर अक्रोड आणि मध, शेजारी गरम ओटमील आणि घरचा ब्रेड असं मांडलं, आणि प्लेटच्या कडेला छोट्या कार्डावर "अंडं नाही" असं हाताने लिहिलेलं. बाबांनी ते कार्ड पाकिटात घालून पुण्याला नेलं.

रात्री उशिरा पोचलो तर आत कसं यायचं? हा शेवटचा, आणि तो का महत्त्वाचा ते सातव्या स्टेपमध्ये.

खोली आवडली तर तिथेच फोनवर विचारा की तुमच्याकडे थेट बुक केलं तर काही फायदा आहे का. दर कमी होईलच असं नाही, पण खोली निवडून मिळते, मागच्या बाजूची शांत खोली हवी असं सांगता येतं. मोठ्या बुकिंग साइटवरून केलं तर बदल करताना ते म्हणतात साइटला विचारा आणि साइट म्हणते प्रॉपर्टीला विचारा, आम्ही त्यात एक अख्खा दिवस घालवलाय.

५. पैसे, टॅक्स, कॅन्सलेशन

१ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात कायदा आहे की सक्तीच्या सगळ्या फिया जाहिरातीतल्या दरातच धरल्या पाहिजेत, मागून रिसॉर्ट फी वगैरे चिकटवता येत नाही. पण सरकारी टॅक्स त्यात नसतो, आणि इथला मुक्कामाचा टॅक्स बाकीचे आकार धरून बारा टक्क्यांच्या वर जातो. दोन रात्रींच्या सहाशे डॉलरवर ऐंशी-नव्वद वाढतात, ते धरूनच बजेट करा.

त्याच तारखेपासून दुसरा नियमही आला. चेक-इनला ७२ तास किंवा त्याहून जास्त वेळ असताना बुकिंग केलं असेल तर कन्फर्म झाल्यापासून २४ तासांत पूर्ण पैसे परत घेऊन रद्द करता येतं. म्हणजे रात्री बुक केलं आणि सकाळी कुणाची रजा मंजूर झाली नाही तरी पैसे बुडत नाहीत.

त्या २४ तासांनंतर मात्र त्या घराची स्वतःची पॉलिसी लागू होते आणि ती हॉटेलपेक्षा कडक असते. सात दिवस, चौदा दिवस, काढणीच्या सीझनमध्ये कधीकधी तीस दिवस आधी कळवावं लागतं, नाहीतर निदान एका रात्रीचे पैसे जातात. सहा खोल्यांच्या घरात एक खोली रिकामी राहिली तर त्यांचं नुकसान मोठं असतं, त्यामुळे त्यात चूक काही नाही, पण वाचून मगच कार्ड द्या. डेबिट कार्डापेक्षा क्रेडिट कार्ड बरं, डिपॉझिट अडकवून ठेवतात तेव्हा खात्यातली रक्कम अडकत नाही.

६. बरोबर काय घ्यायचं

कागदपत्रं आधी. भारतातून आलेल्या प्रत्येकाचा मूळ पासपोर्ट, फोनमधला फोटो नाही. वाइन टेस्टिंगला वय २१ पूर्ण असल्याचा पुरावा मागतात, केस पांढरे असले तरी मागू शकतात, आणि आधार कार्ड किंवा आपलं लायसन्स तिथे पुरावा म्हणून चालेलच असं नाही. इथे राहणाऱ्यांना ड्रायव्हिंग लायसन्स पुरतं. ज्या क्रेडिट कार्डाने बुकिंग केलं तेच कार्ड आणि ज्याच्या नावावर बुकिंग आहे ती व्यक्ती, दोन्ही चेक-इनला हवीत. भारतातून येऊन गाडी चालवणार असाल तर मूळ भारतीय लायसन्स. टुरिस्ट म्हणून कॅलिफोर्नियात ते चालतं, पण गाडी भाड्याने देणाऱ्यांची अट काय आहे ते आधी विचारा. आई-बाबांचा ट्रॅव्हल इन्शुरन्सचा कागद.

बुकिंगचा ईमेल आणि दाराचा कोड छापून किंवा स्क्रीनशॉट काढून ठेवा. डोंगरात रेंज जाते. ऑफलाइन मॅपही डाउनलोड करा.

बाकी बॅगेत: कानात घालायचे बोळे, टॉर्च (गावातले आडरस्ते रात्री अंधारे असतात), खोलीत घालायला मऊ चप्पल म्हणजे लाकडी फरशी वाजत नाही, स्विमिंगचे कपडे, जुना गडद रंगाचा टॉवेल, आणि थोड्या सुट्या नोटा टिपसाठी. चहाची सवय असेल तर चहापत्ती आणि छोटी किटली न्या, पण किटली खोलीत लावली तर चालेल का ते विचारा, जुनं वायरिंग असतं.

७. पोचणं

सॅन फ्रान्सिस्कोहून साधारण ७५ मैल. रस्ते दोन. एक व्हॅलेहोहून म्हणजे दक्षिणेकडून, हायवे २९ ने अख्खी व्हॅली पार करत. दुसरा हायवे १०१ ने सँटा रोझापर्यंत आणि तिथून डोंगर ओलांडून पेट्रिफाइड फॉरेस्ट रोडने. दुसरा वळणावळणाचा आहे, गाडी लागत असेल तर आल्याच्या वड्या हाताशी ठेवा, रात्री तर तो टाळाच. हायवे २९ सेंट हेलेना गावात दुपारी तीन-चारनंतर तुंबतो. त्याला समांतर पूर्वेला सिल्व्हराडो ट्रेल आहे, सिग्नल जवळजवळ नाहीत, दोन्ही बाजूंना बागा. तोच घ्या.

गाडी नसेल तर अगदीच अशक्य नाही. नापाहून कॅलिस्टोगापर्यंत व्हाइन ट्रान्झिटची १० नंबरची बस जाते, आणि गावात बोलावल्यावर दाराशी येणारी छोटी शटलही आहे. पण रात्रीच्या वेळा तपासा. उबर-लिफ्टच्या भरवशावर राहू नका, रात्री साडेनऊला ॲपवर एकही गाडी दिसत नाही असं दोनदा झालंय.

चेक-इन साधारण तीन ते सहा. आता तो शेवटचा प्रश्न. आमच्या पहिल्या मुक्कामाला शुक्रवारी ट्रॅफिकमुळे पोचायला पावणेदहा झाले. पोर्चवर दिवा लागलेला, दार बंद, आत सामसूम. कोडचा ईमेल स्पॅममध्ये गेला होता आणि पोर्चवर फोनला रेंज नव्हती. आई-बाबा गाडीत थंडीने आखडून बसलेले, मी घराला दोन चकरा मारल्या, शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. वीस मिनिटांनी बायकोला टपालपेटीच्या मागे क्लिपने लावलेलं पाकीट दिसलं, त्यावर आमच्या आडनावाचं स्पेलिंग निम्मं चुकलेलं, पण आत चावी आणि खोलीपर्यंतचा हाताने काढलेला नकाशा. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. इनकीपरची चूक काहीच नव्हती, मी दुपारी फोन करून "उशीर होतोय" एवढं सांगितलं असतं तर त्यांनी पाकीट कुठे आहे ते सांगितलं असतं. तर दुपारी चारपर्यंत फोन कराच, आणि चावी कुठे, कोड काय, गाडी कुठे लावायची, तीनही गोष्टी लिहून घ्या.

उशिरा पोचणार असाल तर जेवण वाटेतच उरका. नऊनंतर किचन चालू असलेली जागा सापडणं नशिबावर.

८. घरात वावरताना

रात्री दहानंतर आवाज नको, हे लिहिलेलं नसलं तरी पाळा. फोनवर भारतात बोलायची वेळ नेमकी तीच असते, तेव्हा पोर्चवर जाऊ नका, खोलीतच हळू बोला किंवा गाडीत बसा. पोर्चवरचा आवाज वरच्या सगळ्या खिडक्यांतून आत जातो.

नाश्ता ठरलेल्या वेळी, बऱ्याचदा साडेआठ किंवा नऊ, एकाच मोठ्या टेबलावर सगळे पाहुणे. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं. पण कुठली वायनरी (वाइन बनवणारी जागा) खरंच चांगली, कुठे नुसती गर्दी, हे त्या टेबलावर जेवढं कळतं तेवढं कुठे कळत नाही. वेळेवर जा, अर्धा तास उशिरा गेलात तर तुमच्यासाठी पुन्हा कुणी तवा तापवणार नाही. कॉफी मात्र बहुतेक ठिकाणी सातपासून ठेवलेली असते. संध्याकाळी पाचच्या सुमाराला काही घरं एक ग्लास वाइन आणि चीज मांडतात, ते दरातच धरलेलं असतं, जायला संकोच करू नका.

आता आवाजाचं. शांत गाव म्हणून गेलात आणि पहाटे तीनला जाग आली तर घाबरू नका. काढणीच्या दिवसांत द्राक्षं रात्री तोडतात कारण गारव्यात फळ टणक राहतं, बागेत मोठे दिवे आणि ट्रॅक्टर असतात. आणि मार्च-एप्रिलमध्ये दव गोठायची भीती असली की बागेतले उंच पंखे सुरू होतात, खांबावर विमानासारखी पाती, वरची उबदार हवा खाली वेलींवर ढकलायला. आवाज थेट हेलिकॉप्टरचा. आई दचकून उठली, मी सगळं समजावून सांगितलं तर शांतपणे म्हणाली, "अरे, आमच्या निफाडला थंडी पडली की बागेत रात्रभर शेकोट्या पेटवायचे, तसंच की हे." आणि परत झोपली. बागेला लागून खोली घेत असाल तर त्या महिन्यांत कानातले बोळे हवेतच.

९. वायनरीच्या वेळा आणि गाडी

नापात मनात आलं आणि घुसलं असं फारसं चालत नाही. काउंटीच्या १९९० च्या नियमाप्रमाणे त्यानंतर सुरू झालेल्या वायनरींना आधी वेळ घेतलेल्यांनाच टेस्टिंग देता येतं. म्हणजे खोली बुक झाली की दुसऱ्या दिवशी अपॉइंटमेंटच्या मागे लागा. दिवसाला दोनच घ्या, एक अकराला, एक दोनला. बहुतेक जागा साडेचार-पाचला बंद होतात. टेस्टिंगचे पैसे माणशी असतात आणि नापात ते स्वस्त नाहीत, चाळीस-पन्नास डॉलरपासून शंभराच्या वर. दोघांत एक शेअर करता येईल का विचारा, काही ठिकाणी हो म्हणतात. टेबलावरचं भांडं वाइन थुंकायला किंवा ओतून टाकायला असतं, ते वापरण्यात कुणाचा अपमान नाही. आणि इनकीपरला विचारायला विसरू नका, त्यांच्या शब्दावर कधीकधी भरलेल्या ठिकाणीही वेळ मिळते.

इतिहासाची आवड असेल तर गावाच्या उत्तरेला शातो मॉन्टेलिना आहे. १९७६ मध्ये पॅरिसला फ्रेंच परीक्षकांनी डोळे झाकून, म्हणजे लेबल न बघता, वाइन चाखल्या तेव्हा पांढऱ्या वाइनमध्ये त्यांची १९७३ ची शार्डने पहिली आली होती. त्या एका दुपारनंतर नापाचं नाव जगभर झालं.

गाडीचा नियम कडक आहे. रक्तातलं अल्कोहोल ०.०८ टक्के झालं की गुन्हा, आणि त्याच्या खाली असतानाही गाडी नीट चालत नाही असं दिसलं तर पोलीस पकडू शकतात. एकाने प्यायचीच नाही किंवा दिवसाची गाडी ड्रायव्हरसकट ठरवा. आणि हे खूप जणांना माहीत नसतं: उघडलेली बाटली, बूच परत घट्ट बसवलेलं असलं तरी, सीटजवळ ठेवता येत नाही, डिकीतच ठेवायची. गावातच राहण्याचा खरा फायदा इथे कळतो, गाडी दुपारी लावून टाकायची आणि लिंकन अव्हेन्यूवरच्या टेस्टिंग रूममध्ये चालत जायचं, चालत यायचं.

१०. गरम पाणी आणि चिखल

कॅलिस्टोगात वाइनच्या आधीपासून गरम झरे आहेत. इथले मूळचे वापो लोक ते वापरायचे, १८६० च्या सुमारास सॅम्युएल ब्रॅनन नावाच्या माणसाने तिथे रिसॉर्ट काढलं आणि गाव वसलं. ज्वालामुखीची राख मिसळलेल्या गरम चिखलात दहा-बारा मिनिटं पडून राहायचं, मग मिनरलच्या पाण्यात, मग चादरीत गुंडाळून घ्यायचं. तो चिखल जड असतो, आत बुडत नाही तर वर तरंगतो आपण, पहिली दोन मिनिटं विचित्र वाटतं.

गरोदर असाल, हृदयाचा किंवा ब्लडप्रेशरचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, ज्येष्ठांच्या बाबतीत तर नक्कीच. वाइन पिऊन जाऊ नका. पाण्यात गंधक असतं, चांदी काळी पडते, पैंजण-जोडवी खोलीतच काढून ठेवा. तुमच्या इनमध्ये चिखलाची सोय नसली तरी गावात इतर ठिकाणी अपॉइंटमेंट घेऊन जाता येतं.

११. आगीच्या सीझनमध्ये जात असाल तर

हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. ऑक्टोबर २०१७ मध्ये टब्स फायर नावाचा वणवा गावाजवळच सुरू झाला, सप्टेंबर २०२० मध्ये ग्लास फायर, आणि दोन्ही वेळा अख्खं गाव रिकामं करावं लागलं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोरडा वारा सुटला की खबरदारी म्हणून वीजही बंद करतात. घाबरून जाणंच टाळा असं नाही, तयारीने जा. काउंटीच्या सूचना फोनवर कशा मिळवायच्या ते पोचल्यावर इनकीपरला विचारून घ्या. गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, रात्री पासपोर्ट-औषधं एका पिशवीत दाराजवळ ठेवा, आणि इनकीपरला विचारून ठेवा की निघायची वेळ आली तर कुठल्या रस्त्याने. पॉलिसीत आगीमुळे रद्द झालं तर पैसे परत मिळतात का, तेही पाचव्या स्टेपमध्येच विचारायचं.

१२. निघताना

चेक-आउट अकराला, आणि अकरा म्हणजे अकराच, कारण तीच दोन-तीन माणसं तीन वाजायच्या आत तुमची खोली पुढच्यासाठी तयार करणार असतात. साफसफाई करणाऱ्यांसाठी रात्रीचे तीन-पाच डॉलर पाकिटात घालून उशीजवळ ठेवा. मालक स्वतःच असेल तर टिप देत नाहीत, दोन ओळी लिहून ठेवल्यात तर त्यांना आवडतं.

विकत घेतलेल्या बाटल्या उन्हात गाडीत ठेवू नका, वाइन खराब होते. बरोबर थर्मोकोलचा खोका किंवा कूलर ठेवा, किंवा दिवसभर इनच्या तळघरात ठेवायला विचारा, बहुतेक हो म्हणतात. आई-बाबा भारतात नेणार असतील तर माणशी दोन लिटरपर्यंत कस्टम्स लागत नाही, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. त्या चेक-इन बॅगेतच टाकायच्या, स्वेटरमध्ये नीट गुंडाळून.

आणि चावी. खरी पितळी चावी देणारी घरं अजून आहेत तिथे. ती खिशात राहून घरी येते, मग पाकीट करून पोस्टाने पाठवावी लागते. दाराजवळच्या वाटीत टाकली का, गाडी सुरू करायच्या आधी एकमेकांना विचारा.